सोन्यावर टाकलेली माती

(शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या रात्री, दिंडीतल्या एका जोडप्याने केलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे.)



आम्हाला बोला म्हणून निरोप आला तेव्हा आम्ही नकोच म्हणालो होतो. कीर्तन करणारे करतात, आम्ही मागं टाळ धरणारे. आमचं शिक्षण दोघांचं मिळून अकरा यत्ता. पण शताब्दीच्या कमिटीतले दादा घरी आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "महाराजांची प्रवचनं छापायला लई हायत. दिंडीनं कुणाचं घर वाचवलं, ते कुणीतरी सांगा." मग आम्ही एकमेकांकडं बघितलं. घर आमचंच होतं. तेव्हा आलो.

आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणानं नाही. आम्ही दोघं नवरा-बायको मिळून बोलतो आहोत. एकजण अडला की दुसरा पुढचं सांगतो, ते ऐकून घ्या. चूक कुणाची किती, ते वाटून घ्यायचं आम्ही कधीच सोडलं. तरी गोष्ट कळायला पाहिजे, म्हणून एकाला 'कारभारी' म्हणू आणि दुसरीला 'कारभारीण'.

आमचं लग्न होऊन तीस वर्षं उलटली. लग्न झालं उन्हाळ्यात, आणि दसऱ्याला आम्ही उचल घेतली. पाहुण्यांमध्ये पुण्या-मुंबईचे लोक आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या बीड जिल्ह्यात पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी, कुठल्याही तालुक्यात जा, दिवाळी झाली की गावं ओस पडतात. म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं तेवढी मागं राहतात. बाकीचे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तिथं माणसाला माणूस म्हणत नाहीत, कोयता म्हणतात. आणि एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. म्हणून कित्येक पोरांची लग्नं हंगामाच्या तोंडावर उरकतात. मुकादम हंगामाआधी जी रक्कम देतो ती उचल. ती कोयत्यावर देतो, म्हणजे दोघांच्या अंगावर देतो. पैसे मात्र एकाच्याच हातात पडतात, गड्याच्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आम्हाला आठ हजार मिळाले. तीन हजार लग्नाच्या देण्यात गेले. पाच हजार उरले. त्यात म्हातारीचं औषध, घरात टाकायची ज्वारी आणि कोपीवर न्यायचं सामान बसवायचं होतं.

बाजाराच्या दिवशी कारभारी तालुक्याला गेले. तिथं टपरीच्या मागं मटक्याचा आकडा घेत. हा मटका काय, ते तरण्यांना ठाऊक नसेल, त्यांच्याकडं आता दुसरं आलं आहे. मुंबईत १९६० च्या दशकात हा धंदा सुरू झाला. आधी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावावर लोक पैसे लावत. पुढं मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला लागले, म्हणून मटका. मुंबईच्या मडक्यातला आकडा पाटोद्याच्या टपरीवर कसा पोचायचा ते देवाला ठाऊक, पण पोचायचा. कारभाऱ्यांनी पन्नास रुपये जोडीवर लावले, आणि जोडी लागली. एकाला नव्वद. साडेचार हजार रुपये.

माणसं म्हणतात जुगारात हरलो आणि वाटोळं झालं. आम्ही सांगतो, आमचं वाटोळं जिंकलो त्या दिवशी सुरू झालं. हरला असता तर पन्नास रुपयांना शिव्या देत माणूस घरी आला असता आणि बायकोला सांगून मोकळा झाला असता. जिंकलेला माणूस सांगत नाही. कारभारी घरी आले ते चांदीचे पैंजण घेऊन. म्हणाले, "मुकादमानं वरचे दिले, गडी चांगला हाय म्हणून."

आणि कारभारणीचं ऐका. गाडी भरायच्या दिवशी मुकादमाच्या बायकोनं बोलता बोलता सांगितलं, की यंदा कुणालाच आठच्या वर दिले नाहीत. तिथंच कळायला पाहिजे होतं. कळलंही. पण पायात पैंजण वाजत होते, आणि लग्न होऊन पाच महिने झाले होते. कारभारीण गप्प राहिली. झाकणारा एक असतो असं समजू नका. झाकलेलं दिसत असून न बघणारा दुसरा लागतो, तेव्हा ते झाकलं राहतं.

पुढं काय झालं ते जुगाऱ्याच्या प्रत्येक घरात होतं, लांबवत नाही. साडेचार हजार महिन्याच्या आत टपरीला परत गेले. मागं उचलीतले उरलेले गेले. फडावर गेल्यावर रात्री कोपीत कंदिलाखाली तिरटचा डाव बसायचा. तिथं हरले की मुकादमाकडून आणखी घ्यायचे, "कोयत्यावर लावा" म्हणायचं. कारभारीण पहाटे चारला थंडीत उठून फडात जायची. ऊस मुळाशी तोडायचा, वाढं सवळायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. वाढं विकून आलेल्या पैशावर भाजी-मीठ भागवायचं. आणि आपण फिटतोय असं मनात धरायचं.

पौषात मुकादमानं हिशोब सांगितला. कोयत्यावर चौदा हजार. आठ घेतले होते, दोन महिने राबून चौदा झाले होते.

त्या रात्री कारभारीण ओरडली नाही. चुलीपुढं बसून तिनं एवढंच विचारलं, "आवो, कोयता दोघांचा. मग डावावर लावताना त्यातला माझा अर्धा बाजूला काढला व्हता का?"

कारभाऱ्यांकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

महाराज मंडळी, पुढं कीर्तनं ऐकून ऐकून आम्हाला कळलं की हा प्रश्न कारभारणीनं पहिल्यांदा विचारला नव्हता. कौरवांच्या सभेत द्रौपदीनं तोच विचारला. राजानं आधी स्वतःला हरवलं की मला? स्वतःला हरवून बसलेल्याला दुसऱ्याला लावायचा हक्क उरतो का? भीष्मांसारख्याला त्याचा निवाडा करता आला नाही. आमच्यासारख्या तिरटवाल्याची काय कथा.

पण द्रौपदीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला जवळची वाटते ती दमयंती. ती आपल्याकडची, विदर्भातली. तिच्या बापाची राजधानी कुंडिनपूर, म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. तेच आपल्या रुक्मिणीमातेचं माहेर, जिथून आईची पालखी आजही पंढरीला येते. वनात युधिष्ठिर रडत बसला होता, की माझ्यासारखा अभागी कोण, तेव्हा बृहदश्व ऋषींनी त्याला नळ-दमयंतीची कथा सांगितली. म्हणजे जुगारात हरलेल्याला जुगारात हरलेल्याचीच गोष्ट सांगितली. आम्हीही तेच करतो आहोत.

त्या कथेतल्या तीन जागा आम्हाला सापडल्या, तेवढ्या सांगतो.

पहिली. नळ भावाशी, पुष्कराशी, फासे खेळत बसला तो महिनोन्‌महिने. सगळी प्रजा दाराशी आली. दमयंतीनं जाऊन सांगितलं, लोक उभे आहेत, एकदा तरी बघा. नळानं मान वर केली नाही. तेव्हा ती नुसती रडत बसली नाही. सारथ्याला बोलावलं, दोन्ही लेकरं रथात बसवली आणि माहेरी धाडली. आम्ही माउल्यांना हात जोडून सांगतो: घरात डाव बसला आणि माणूस ऐकेना, तर आधी लेकरं आणि दाणे वाचवा. त्यात नवऱ्याचा अपमान नाही. दमयंतीनं केलं ते पुण्यच होतं.

दुसरी. सगळं गेल्यावर पुष्कर म्हणाला, आता दमयंतीला लाव. नळ तिथं थांबला. अंगावरचे दागिने उतरवले आणि एका वस्त्रानिशी बाहेर पडला. बुडालेल्या माणसालाही थांबायची एक जागा असते.

तिसरी जागा आम्हाला सगळ्यात अवघड वाटते. रानात दोघांना मिळून एकच वस्त्र उरलं होतं. ती झोपल्यावर नळानं ते अर्धं कापलं आणि तिला सोडून निघून गेला. का? तिचं बरं व्हावं म्हणून. ती माहेरी जाईल, सुखात राहील म्हणून. जुगारी माणूस असाच असतो. लाजेनं पळतो आणि त्याला बायकोचं भलं म्हणतो. कारभारीही त्या पौषात पहाटे कोपीतून निघाले होते. एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेले होते. खिशात भाड्याला पैसे नव्हते म्हणून परत आले. आमचा संसार त्या दिवशी प्रेमानं वाचला असं आम्ही म्हणत नाही. भाड्याला पैसे नव्हते, म्हणून वाचला.

चैत्रात गावी आलो ते अंगावर बाकी घेऊन. पुढच्या हंगामाची उचल मिळायच्या आधीच कापली गेली होती. आषाढात कारभारी दिंडीत निघाले. भक्तीनं नव्हे, मुकादम दारात येऊन बसायचा, तो चुकवायला. आणि कारभारीण निघाली ती त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून. पांडुरंगाला काय, कुठल्या कारणानं का होईना, माणूस वाटेला लागलं की झालं.

तेव्हा आपल्या दिंडीचे विणेकरी कोण होते ते जुन्यांना ठाऊक आहे. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाबा' म्हणायचो. चौथ्या का पाचव्या मुक्कामाला बाबांनी राका कुंभाराची गोष्ट लावली.

आपल्याला पाठ आहे ती. पंढरपूरचा राका कुंभार, बायको बांका. दोघं नवरा-बायको लाकडं गोळा करून पोट भरायची. देवानं परीक्षा बघायची म्हणून त्यांच्या वाटेत सोनं टाकलं. राका पुढं होता, त्याला दिसलं. त्याला मोह झाला नाही. पण मागून बायको येते आहे, तिचं मन चळेल म्हणून त्यानं पायानं माती लोटली आणि सोनं झाकलं. बांकानं येऊन विचारलं, काय झाकलंत? त्यानं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, मातीवर माती कशाला टाकता?

सगळे महाराज इथं बांकाचं वैराग्य सांगतात. नवऱ्याला सोनं अजून सोनं दिसत होतं, तिला तीही मातीच दिसली, म्हणून बायको नवऱ्याच्या पुढं गेली. ते खरंच आहे. पण त्या रात्री बाबा कारभाऱ्यांकडं बघत होते का काय, कोण जाणे. ते म्हणाले, "राकानं माती टाकली ती बायकोवर इस्वास नव्हता म्हणून. बांकानं इचारलं म्हणून ती माती निघाली. अन् राकानं खरं सांगितलं म्हणून संसार राहिला. सोन्याचं काय, ते पडलंच व्हतं."

कारभारी रात्रभर झोपले नाहीत. पैंजण आणले त्या दिवशी टाकलेली माती त्यांना आठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आम्हाला बोलावलं. दिंडीच्या भिशीची पेटी कारभाऱ्यांच्या हातात दिली आणि वही कारभारणीच्या. म्हणाले, "तुम्ही जमा करायचे, हिनं लिहायचं, अन् रोज रातच्याला हरिपाठ झाल्यावर हिनं सगळ्यांपुढं वाचायचं." आम्ही हबकलो. आमच्या गावची माणसं दिंडीत होती, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. एकजण म्हणालाही, "बाबा, बोक्याला दुधाची राखण?" बाबा काही बोलले नाहीत.

आता जे सांगतो ते तीस वर्षांत फार थोड्यांना सांगितलं.

दोन मुक्काम गेल्यावर, एका गावात, शाळेच्या मागं काही बाहेरची पोरं पत्ते घेऊन बसली होती. कारभारी पाणी आणायला गेले आणि तिथं उभे राहिले. पेटी बगलेत होती. त्यांनी दोनशे रुपये काढले. एका तासात गेले.

रात्री वाचायच्या आधी कारभारणीनं पैसे मोजले. दोनशे कमी. कारभाऱ्यांनी खाली मान घातली. कारभारणीच्या कमरेला चंचीत पैंजण होते, मोडायला आणलेले. शेजारच्या दुकानदाराकडं ठेवून दोनशे भरता आले असते. कुणाला काही कळलं नसतं. नवऱ्याची अब्रू राहिली असती, बाईमाणसाला लहानपणापासून हेच शिकवतात. तिनं चंचीला हात लावलाही. मग तिला मुकादमाच्या बायकोचं बोलणं आठवलं, आणि गप्प राहण्याचे किती रुपये झाले ते आठवलं.

हरिपाठ झाला. ती उभी राहिली. जमा वाचली, खर्च वाचला, आणि म्हणाली, "शिल्लकीत दोनशे कमी हायत."

शाळेच्या वऱ्हांड्यात दीडशे माणूस बसलेलं. कंदिलाची वात ऐकू यावी इतकं शांत झालं. कारभारी उठले. पाय कापत होते. म्हणाले, "म्या घेतले. पत्त्यात गेले."

आम्हाला वाटलं, आता हाकलणार. बाबांनी वीणा न थांबवता एवढंच म्हटलं, "लिही पोरी. दोनशे, कारभाऱ्याकडून येणे." आणि दुसऱ्या दिवशी पेटी पुन्हा कारभाऱ्यांच्याच हातात दिली.

ते दोनशे आम्ही पुढच्या वारीला भरले, वाढं विकून. ती वही दिंडीच्या जुन्या कागदात असेल. शताब्दीच्या प्रदर्शनात ठेवायची असली तर आमची हरकत नाही.

त्यानंतर कारभारी कधीच खेळले नाहीत, असं सांगितलं तर टाळ्या पडतील, पण ते खोटं होईल. दोनदा बसले. दोन्ही वेळा त्याच रात्री घरी येऊन सांगितलं, आणि वहीत लिहिलं. मुकादमाचं सगळं फिटायला तीन हंगाम लागले. पण त्या वारीनंतर आमच्या घरात एक नेम आहे. दर एकादशीला, उपवासाचं आवरलं की, वही काढायची आणि महिन्याचं आलं-गेलं मोठ्यानं वाचायचं. दिंडीत जे चालतं ते घरात. माळ घातली म्हणजे मांस, दारू, जुगार सुटला असं होत नाही, बाबांनो. माळ गळ्यात असते, मोह मनात असतो. मधे काहीतरी रोजचं, हाताला धरायचं पाहिजे. आमच्या हाताला वही लागली.

आता मागच्या पोरांसाठी. तुम्ही मनात म्हणताय, मटका-तिरट जुनं झालं. खरं आहे. आता टपरीवर जायला नको, टपरी खिशात आहे. रमी, लुडो, क्रिकेटची टीम, पहाटे तीनला पांघरुणात सुद्धा चालू. आणि सुरुवातीला जिंकवतातच. आमची जोडी लागली तशी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. चांगलं झालं. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला बळी धरलं आहे. म्हणजे सांगायला लाजू नका, कायदाही तुम्हाला चोर म्हणत नाही. पण एक दुकान बंद झालं की दुसऱ्या नावानं उघडतं, हे आम्ही मटक्याच्या वेळी बघितलं आहे. कायदा धंद्याला अडवील. मनाला ज्यानं त्यानंच अडवायचं.

थोडा हिशोब मांडू, आमच्या कारभारणीला हिशोब आवडतो. मटक्याच्या जोडीत आकडे शंभर, शून्य-शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत. लागला तर मिळतात नव्वद. म्हणजे शंभराच्या शंभर आकड्यांवर एकेक रुपया लावला तरी शंभर देऊन नव्वदच हातात येतात. दर फेरीला दहावा हिस्सा मडकेवाल्याचा. जे उरेल ते पुन्हा लावत गेलात तर दहा फेऱ्यांत शंभराचे पस्तीस उरतात. यात नशीब कुठंच नाही, नुसती वजाबाकी आहे.

दुसरा हिशोब कोयत्याचा. २०२४ च्या जानेवारीत करार झाला, तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ झाला. एका रात्रीत फोनवर दहा हजार गेले म्हणजे सत्तावीस टनांहून जास्त ऊस गेला. मुळाशी वाकून तोडलेला, डोक्यावरून चढवलेला. नवरा-बायकोचे दहा-बारा दिवस. त्यातले अर्धे दिवस बायकोचे. तिला विचारलं होतं का?

आणि अचानक येणारं धनही आता फक्त जुगाराचं राहिलं नाही. आपल्या जिल्ह्यात रेल्वे आली, २०२५ च्या सप्टेंबरात बीडहून अहिल्यानगरला गाडी सुटली. महामार्ग झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदला मिळाला. २०१३ च्या कायद्यानं खेड्यात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जातो तो. ज्यांनी आयुष्यात लाख एका जागी बघितला नव्हता त्यांच्या खात्यात एका दिवसात लाखो आले. कुणी विहीर खणली, लेकरं शिकवली. कुणाच्या दारात वर्षभर गाडी उभी राहिली, आणि आता गाडीही नाही, जमीनही नाही.

आमचेही काही गुंठे रस्त्यात गेले. पैसे आले ती रात्र सांगतो आणि थांबतो. थोरल्याचं लग्न होऊन सात महिने झाले होते. एकादशी होती. वही काढली, रक्कम वाचली. थोरला उठून बाहेर गेला. आम्हाला तो चेहरा ओळखीचा होता. कारभारी मागं गेले, काही विचारलं नाही, नुसते ओट्यावर शेजारी बसले. बऱ्याच वेळानं पोरगं म्हणालं, "अण्णा, साठ हजार गेलेत. सोसायटीचे." कारभारी म्हणाले, "मला सांगितलंस, बरं केलंस. पण मी तुझी बायको नव्हं." मग तो आत आला आणि सूनबाईपुढं फोन ठेवला.

सूनबाई दोन दिवस बोलली नाही. माहेरी जाते म्हणाली. आम्ही अडवलं नाही, दमयंतीनं लेकरं माहेरी धाडली तेव्हा तिला कुणी अडवलं नव्हतं. जाताना एवढंच सांगितलं, की तुझ्या नावानं वहीत एक पान कोरं ठेवतो. ती दोन महिन्यांनी परत आली, स्वतःच्या अटी घेऊन. मोबदला तिच्या आणि त्याच्या जोडखात्यात, दोघांच्या सहीशिवाय निघणार नाही. फोनवरचं पैशाचं सगळं तिच्याकडं. त्यानं मानलं. आज ती दोघं इथं बसली आहेत. त्यांना विचारूनच हे बोललो. पुढं काय होईल ते आम्हाला ठाऊक नाही. एकादशी महिन्यातून दोनदा येते, तेवढं ठाऊक आहे.

नळाच्या गोष्टीचा शेवट राहिला. त्याच्या अंगातून कली निघाला तो बेहड्याच्या झाडात शिरला. जुन्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असायचे. म्हणजे मोह मेला नाही, आपल्या जागी जाऊन बसला. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात बेहडा दिसला की आम्ही एकमेकांकडं बघून हसतो. ऋग्वेदातही एका जुगाऱ्याचं सूक्त आहे, त्यात सासू तोंड फिरवते, बायको दूर होते, आणि देव शेवटी त्याला सांगतो, की फासे सोड आणि आपलं शेत कस. हजारो वर्षं झाली, अजून तेच सांगावं लागतं.

जोडप्यांनो, देवानं वाटेत सोनं टाकलं तर टाकू दे, त्याची ती सवयच आहे. चूक झाली तर होऊ दे, माणूस आहोत. फक्त पायानं माती लोटू नका. आणि जोडीदारानं माती लोटलेली दिसली तर बांकासारखं विचारा, काय झाकलंत?

शंभर वर्षं या दिंडीनं दर मुक्कामाला जमा-खर्च मोठ्यानं वाचला. म्हणून दिंडी शंभर वर्षं टिकली, असं आम्हाला वाटतं. आमचे दोनशे रुपये त्या शंभर वर्षांत एका रात्री कमी पडले होते. ते वाचून दाखवू दिलेत, आणि पेटी परत हातात दिलीत. एवढं ऋण सांगायला उभे राहिलो.